मुलीला आकडा आत्ताच सांगा

"मी ओहायोतल्या एका लहान खासगी कॉलेजात, रजिस्ट्रारच्या ऑफिसात नऊ वर्षं नोकरी करते. पगार बेताचा आहे. नोकरी धरली तेव्हा सगळे म्हणाले, मुलांच्या शिक्षणाची चिंता मिटली. आमच्या कॉलेजात कर्मचाऱ्यांच्या मुलांना ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, माफ आहे आणि ट्यूशन एक्स्चेंजमधून, म्हणजे कॉलेजांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीतून, दुसऱ्या कॉलेजातही जाता येतं. मुलगी या महिन्यात सिनिअर इयरला, म्हणजे बारावीला, जाईल. तिला माझ्या कॉलेजात यायचंच नाही. मॅसॅच्युसेट्समधलं एक कॉलेज तिच्या मनात भरलंय आणि ते कुठल्याच एक्स्चेंजमध्ये नाही. धाकटा मुलगा नववीत आहे. मागच्या महिन्यात इथल्या हॉस्पिटलने मला वर्षाला १४ हजार डॉलर जास्त देऊ केले. नवरा म्हणतो, 'सोडू नकोस. तुझा पगार कितीही असो, तुझी खरी कमाई पोरीच्या फीची आहे.' ते ऐकून मला रडू आलं. सांगलीहून सासूबाई विचारतात, 'तुमच्याकडे फुकट असेल ना?' इथली एक मैत्रीण म्हणाली, हा तर वशिलाच झाला. मुलीशी यातलं काहीही बोलायचा धीर होत नाही. नोकरी बदलू का? आणि तिला सांगू काय?"

प्रिय ताई,

तुम्ही नोकरीबद्दल आधी विचारलंय आणि मुलीबद्दल शेवटी. मी उलट्या क्रमाने सुरुवात करते, कारण पत्रातल्या "धीर होत नाही" या शब्दांवर माझी नजर अडकली. तो धीर मलाही झाला नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या मुलाने मोजली.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका खासगी कॉलेजच्या अकाउंट्समध्ये होते. मुलगा सिनिअर इयरला असताना कर्मचाऱ्यांच्या सवलती बघणाऱ्या आमच्या बाईंनी मला एक्स्चेंजबद्दल फोनवर सांगितलं, "तुम्ही एलिजिबल आहात." मी तो शब्द 'मिळालंच' असा ऐकला. मुलाला काही सांगितलं नाही. पोराच्या डोक्यावर पैशाचं ओझं कशाला, असा विचार केला. तो दोन कॉलेजं बघून आला, त्यातल्या एकाचा निळा हूडी विकत घेऊन आला आणि रोज तोच घालून हिंडायला लागला. फेब्रुवारीत कळलं की त्या वर्षी आमचं कॉलेज एक्स्चेंजवर फक्त चारच मुलं बाहेर पाठवू शकत होतं आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत मी सहावी होते. त्या रात्री मी दूध तापवत होते आणि तो फ्रिजला टेकून उभा होता. हूडी अंगावरच होता. म्हणाला, "आई, हे सप्टेंबरमध्ये सांगितलं असतंस तर मी ते कॉलेज बघायलाच गेलो नसतो." दूध उतू गेलं. दोघांपैकी कुणीच गॅस बंद केला नाही.

तो स्टेट युनिव्हर्सिटीत गेला, चांगला शिकला, आज त्याचं छान चाललंय. पण ते वाक्य खरं होतं. पैसे कमी होते याचं त्याला दुःख नव्हतं. आपल्याला अंधारात ठेवलं, याचं होतं. पुढे तीन वर्षांनी एक्स्चेंजचं काम माझ्याकडेच आलं आणि निवृत्त होईपर्यंत मी ते केलं. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी पहिला प्रश्न हाच विचारायची: मुलाला आकडा सांगितलाय का, आपण वर्षाला किती भरू शकतो तो?

आता हे एक्स्चेंज नक्की काय असतं ते बघू, कारण तुमच्या घरात प्रत्येकजण त्याचा वेगळा अर्थ लावतोय.

तुमच्या कॉलेजात तुमच्या मुलीला मिळणारी माफी, म्हणजे रेमिशन, ही एक गोष्ट. ती तुमचा मालक देतो, हँडबुकमध्ये लिहिलेली असते आणि मुलीला प्रवेश मिळाला व तुम्ही अटीत बसलात की सहसा मिळतेच. एक्स्चेंज ही पूर्ण वेगळी गोष्ट. आपल्याकडे शेतकरी सावड करतात ना, तसं ते आहे. आज माझ्या रानात तुझे बैल, उद्या तुझ्या रानात माझे. सावडीत पैसा फिरत नाही, पण कुणी किती दिवस दिले हे सगळ्यांच्या लक्षात असतं. जो नुसता घेतो आणि देत नाही, त्याच्या रानात पुढच्या पेरणीला कुणी येत नाही.

'द ट्यूशन एक्स्चेंज' नावाची संस्था १९५० च्या दशकापासून हीच सावड चालवते. सहाशेहून जास्त कॉलेजं आणि युनिव्हर्सिट्या तिच्यात आहेत. तुमच्या कॉलेजातून एक मूल बाहेर गेलं की ते 'एक्स्पोर्ट', बाहेरचं एक मूल तुमच्याकडे आलं की 'इम्पोर्ट'. दोन्हींचा मेळ बसावा लागतो. तुमचं कॉलेज गावाबाहेरचं, लहान, फारसं नाव नसलेलं असेल, तर तिथून बाहेर जायला सगळे उत्सुक आणि आत यायला कमी. मग एका वर्षी किती मुलांना पाठवायचं यावर कॉलेज मर्यादा घालतं. माझ्या मुलाच्या वेळी हेच झालं होतं.

मर्यादेत नाव बसलं तरी काम अर्धंच झालेलं असतं. समोरच्या कॉलेजने मुलीला प्रवेश द्यायला हवा आणि त्यानंतर एक्स्चेंजची जागाही द्यायला हवी. हे दोन निर्णय वेगळे आहेत. नावाजलेल्या कॉलेजांकडे अर्जांचा ढीग असतो आणि जागा मोजक्या. तुमच्या मुलीला प्रवेश मिळून एक्स्चेंज नाकारलं जाऊ शकतं. त्यात तिची काहीही चूक नसते.

दुसरी एक सावड आहे, 'काउन्सिल ऑफ इंडिपेंडंट कॉलेजेस' या संघटनेची. तिच्यात साधारण चारशे कॉलेजं आहेत, बहुतेक तुमच्या कॉलेजसारखीच लहान. तिथे आयात-निर्यातीचा हिशेब ठेवत नाहीत. प्रत्येक सभासद कॉलेजने दर वर्षी किमान तीन नवी मुलं घ्यायची, एवढीच अट. आणि तिथे ट्यूशन पूर्ण माफ होते. लोक मोठ्या नावांच्या मागे लागून हिच्याकडे बघतच नाहीत. मी माझ्या टेबलावरून जितकी मुलं पाठवली, त्यांपैकी समाधानाने परत येऊन भेटणारी बरीचशी याच यादीतून गेलेली होती. कॅथलिकांमधल्या जेझुइट पंथाच्या युनिव्हर्सिट्यांचीही आपसांत एक वेगळी व्यवस्था आहे, तिला 'फॅचेक्स' म्हणतात. मार्क्वेट, क्रेटन ही त्यातली नावं. मुंबईचं सेंट झेवियर्स ज्या पंथाने काढलं, तोच हा पंथ. पण त्या व्यवस्थेसाठी आईबापाची नोकरीही जेझुइट कॉलेजातच लागते, त्यामुळे तुम्हाला तिचा उपयोग व्हायची शक्यता कमी.

आता सासूबाईंच्या "फुकट"कडे येते. त्यांना फोनवर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण स्वतःला मात्र खरं सांगा.

ट्यूशन एक्स्चेंज दर वर्षी एक 'सेट रेट' ठरवतं. तो हल्ली ४० हजार डॉलरच्या थोडा वर आहे. ज्या कॉलेजची ट्यूशन त्यापेक्षा कमी, तिथे ट्यूशन पूर्ण माफ होते. ज्यांची जास्त, त्यांतली बरीच कॉलेजं फक्त सेट रेटएवढंच देतात. समजा मुलीने ५८ हजार ट्यूशन असलेलं कॉलेज निवडलं आणि एक्स्चेंजचे ४२ हजार मिळाले. उरले १६ हजार. राहणं-जेवणं एक्स्चेंजमध्ये सहसा येत नाही, त्याचे आणखी १६ हजार धरा. फी, पुस्तकं, थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसला घरी यायची तिकिटं मिळून दोन-तीन हजार. म्हणजे शिष्यवृत्ती मिळूनही वर्षाला ३४-३५ हजार. आणि तुमच्याच राज्यातल्या ओहायो स्टेटची ट्यूशन ओहायोत राहणाऱ्यांना वर्षाला १३ हजारांच्या आसपास पडते. राहणं-जेवणं धरून सगळा खर्च ३० हजारांच्या घरात. एक्स्चेंज पदरात पडूनही महागडं कॉलेज सरकारी युनिव्हर्सिटीपेक्षा महाग पडू शकतं, हे किती घरांमध्ये एप्रिल उजाडेपर्यंत लक्षातच येत नाही! याउलट, पूर्ण ट्यूशन माफ करणाऱ्या लहान कॉलेजात तुमचा खर्च १८-१९ हजारांवर थांबतो.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपत्रकात कुणी छापत नाही. खासगी कॉलेजांची छापील ट्यूशन बहुतेक मुलं भरतच नाहीत. नव्याने येणाऱ्या मुलांना ही कॉलेजं सरासरीने निम्म्याहून जास्त सूट स्वतःच देतात, मेरिट स्कॉलरशिप वगैरे नावांनी. तुमच्या मुलीचे मार्क चांगले असतील (पत्रात लिहिलं नाहीत, पण मॅसॅच्युसेट्सचं कॉलेज मनात भरलंय म्हणजे असावेत), तर ४२ हजार ट्यूशनच्या कॉलेजात तिला २४ हजार तुमच्या नोकरीशिवायही मिळाले असते. एक्स्चेंज मिळालं की ती मेरिटची रक्कम सहसा त्यातच विरून जाते. दोन्ही एकावर एक रचता येत नाहीत. म्हणजे तुमच्या नोकरीने दिलेला खरा फायदा ४२ हजारांचा नसून १८ हजारांचा. नोकरीचा निर्णय घेताना हा १८ चा आकडा धरा.

तो आकडा लहान नाही. हॉस्पिटलचे १४ हजार घरी येताना फेडरल टॅक्स, सोशल सिक्युरिटी, मेडिकेअर, राज्याचा टॅक्स आणि ओहायोतल्या बहुतेक शहरांचा स्वतःचा इन्कम टॅक्स, एवढे टोलनाके पार करतात. हातात नऊ-साडेनऊ हजार उरतील. ट्यूशनमधली सूट मात्र पदवीपूर्व शिक्षणासाठी पूर्ण करमुक्त असते. तुमच्या कॉलेजात असो की एक्स्चेंजच्या कॉलेजात, इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ११७ दोन्हींना लागू आहे. १८ हजार खिशात पडायला तुम्हाला जवळजवळ २७ हजारांची पगारवाढ लागली असती. म्हणून एक्स्चेंज मिळालं, तर त्या चार वर्षांत तुमची सध्याची नोकरी हॉस्पिटलपेक्षा फायद्याची. नाही मिळालं आणि मुलगी तुमच्या कॉलेजातही आली नाही, तर तुम्ही दर वर्षी नऊ हजारांवर पाणी सोडताय. आणि हे एप्रिलपर्यंत कळणार नाही.

म्हणून नोकरीबद्दल माझं मत असं: या वर्षी हलू नका. अर्ज करताना तुम्ही नोकरीत असायला हवं, आणि एक्स्चेंज मिळाल्यावर दर वर्षी तुमचं कॉलेज तुम्ही अजून कामावर आहात असं कळवतं, तेव्हाच पुढच्या वर्षाची रक्कम येते. आता सोडलंत तर दार आत्ताच बंद होईल. १ मे ही कॉलेज निवडायची शेवटची तारीख. तोपर्यंत सगळ्या कॉलेजांची पत्रं तुमच्या हातात असतील. हॉस्पिटलच्या बाईंना सरळ सांगा की मुलीच्या कॉलेजचं ठरेपर्यंत थांबायचंय, मे महिन्यात जागा असेल तर मला यायला आवडेल. रजिस्ट्रार ऑफिसमधला नऊ वर्षांचा अनुभव असलेलं माणूस मे महिन्यातही लागतंच. आणि मे महिन्यात मुलीचं ठरलं, पण एक्स्चेंजशिवाय ठरलं, तर धाकट्यासाठी म्हणून तिथे अडकून पडू नका. त्याच्या कॉलेजला तीन वर्षं आहेत आणि त्याची चार वर्षं धरून सात. सात वर्षांचा पगार, त्याची वाढ, निवृत्तीच्या खात्यात मालकाने घातलेली भर, हे सगळं एका 'कदाचित'वर लावायचं नसतं.

लहान खासगी कॉलेजांची आजची अवस्था तुम्ही रजिस्ट्रार ऑफिसात बसून माझ्यापेक्षा जवळून बघत असाल. २०२४ साली अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न बंद झालं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्सने ३१ मेला जाहीर केलं आणि ७ जूनला दारं लावली, एका आठवड्यात. तिथे काम करणाऱ्यांचीही मुलं कुठेतरी शिकत होती. दर सप्टेंबरला पहिल्या वर्षाला किती मुलं आली हा आकडा तुमच्याच ऑफिसातून जातो. तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बघा.

आता नवऱ्याच्या वाक्याबद्दल. ते मनाला लागणारंच होतं. त्यांचा हेतू वाईट नसेल, कदाचित त्यांनी ते कौतुकानेही म्हटलं असेल, पण नऊ वर्षं तुम्ही जे काम केलंत त्याची किंमत त्यांनी फीच्या पावतीत मोजली. त्यांना हे एकदा स्पष्ट सांगा. तुम्ही पत्रात तुमचं काम आवडतं की नाही याबद्दल एक अक्षरही लिहिलेलं नाही, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली. कामाबद्दल बोलायचं तुम्ही स्वतःशीही थांबवलंय का? ही सवलत तुमच्यासाठीही आहे, हे लक्षात ठेवा. तुमच्या कॉलेजात मास्टर्सचे वर्ग असतील तर कर्मचारी म्हणून तुम्हाला ते करता येतात का, ते हँडबुकमध्ये बघा. त्यात वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या मदतीवर टॅक्सही लागत नाही. मुलीसाठी फॉर्म आणायला जाल तेव्हा तुमचाही एक आणा.

आणि तो वशिल्याचा आरोप. मैत्रिणीचं मन दुखवू नका, पण तो आरोप मनावरही घेऊ नका. वशिल्याने प्रवेश मिळतो. इथे प्रवेश मुलीने स्वतःच्या मार्कांवर मिळवायचा असतो. मी इतकी वर्षं हे काम केलं, एकदाही एखाद्या ॲडमिशन ऑफिसला फोन करून "याला घ्या" म्हणायची सोय नव्हती. मिळते ती ट्यूशन, आणि ती तुमच्या पगाराचाच भाग आहे. कॉलेज तुम्हाला बाजारापेक्षा १४ हजार कमी देतं, ते त्याच्या बदल्यात. शिवाय जास्त पगारवाल्यांनाच झुकतं माप देणारी योजना असेल तर त्या वरच्या लोकांची करमाफी जाते, असं कायदाच सांगतो. म्हणून डीनला जी सवलत, तीच झाडलोट करणाऱ्यालाही. आमच्या कँटीनमध्ये सूप वाढणाऱ्या एक बाई होत्या. दर मंगळवारी टोमॅटोचं सूप. त्यांची मुलगी एक्स्चेंजवर अकाउंटिंग शिकायला गेली. पत्र आलं त्या दिवशी त्या एप्रन न काढताच माझ्या ऑफिसात आल्या. हाताला सूप लागलेलं, म्हणून पत्राला हात लावेनात. म्हणाल्या, तुम्हीच वाचून दाखवा. मी दोनदा वाचलं. त्या बाईंना कुणी वशिला म्हणून बघावं!

हे सगळं मुलीला कसं सांगायचं, ते आता.

शाळा सुरू व्हायच्या आत, एखाद्या रविवारी सकाळी. नवराही समोर असू दे, नाहीतर ती त्यांच्याकडे वेगळं अपील करील. पोहे करा, चहा ठेवा, आणि एका कागदावर एकच आकडा लिहा: आपण दोघं मिळून वर्षाला किती भरू शकतो. तो आधी तुम्ही दोघांनी रात्री बसून ठरवलेला असू दे. धाकट्याचं शिक्षण आणि तुमची निवृत्ती बाजूला काढून मग ठरवा. समजा तो २० हजार आला. मुलीला सांगा, "हे आपलं. याच्या आत बसणारं कुठलंही कॉलेज तू निवड, आम्ही मधे येणार नाही." सतरा वर्षांच्या मुलीला 'नाही' पचतं. न सांगितलेलं 'नाही' पचत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या कॉलेजवर फुली मारू नका. तिलाच बसवून त्या कॉलेजच्या संकेतस्थळावरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे सूट वजा जाऊन आपल्याला अंदाजे किती भरावं लागेल ते दाखवणारं गणित, भरायला लावा. २०११ पासून जवळजवळ प्रत्येक कॉलेजला ते ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या दोघांचं उत्पन्न, बचत, घर, सगळं त्यात टाका. पगाराच्या स्लिपा तिच्या हातात द्या. आपल्या घरांमध्ये मुलांना आईबापांचा पगार कॉलेज संपलं तरी माहीत नसतो, आणि मग आपणच म्हणतो की मुलांना पैशाची किंमत नाही. आकडा ५५ हजार आला तर ती स्वतः बघेल. २२ हजार आला, आणि श्रीमंत कॉलेजांत असं होऊ शकतं, तर तुमच्याही नजरेत ते कॉलेज बदलेल. एक मात्र सांभाळा: तिने तिथे 'अर्ली डिसिजन'चा अर्ज करायचा नाही, निदान हा आकडा हातात आल्याशिवाय तरी. तो अर्ज म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. डिसेंबरमध्ये होकार आला की बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे. एक्स्चेंजचे निकाल बहुतेक त्यानंतरच लागतात.

मग तिला दोन्ही सावडींच्या याद्या द्या आणि यादी तिची तिला करू द्या. तुम्ही शेजारी बसून "हे बघ, हे चांगलंय" म्हणू नका. तिने सहा-सात नावं काढली की प्रत्येक कॉलेजला विचारायचे प्रश्न तुम्ही घ्या: यंदा एक्स्चेंजच्या किती जागा आहेत, किती अर्ज येतात, पूर्ण ट्यूशन की सेट रेट, कुठले अभ्यासक्रम वगळलेत, किती मार्क टिकवावे लागतात, होस्टेलमध्येच राहायची सक्ती आहे का. बरीच कॉलेजं हे मोकळेपणाने सांगतात. यादीत ओहायो स्टेट असू दे आणि तुमचं कॉलेजही असू दे. ती नाक मुरडेल. आईच्या ऑफिसच्या खिडकीखालून रोज क्लासला जायचं कुणाला आवडेल? पण अर्ज करून ठेवायला सांगा. तिथे ती होस्टेलवर राहू शकते, आणि तुम्ही तिला कँपसवर ओळख दाखवायची नाही असा करार करू शकता. माझ्या ओळखीच्या एका बापलेकीने तसा करार चार वर्षं पाळला. लायब्ररीत समोरासमोर आले तरी दोघं नुसती मान हलवायचे.

तुमच्या बाजूने सोमवारीच एक काम करा. प्रत्येक सभासद कॉलेजात एक्स्चेंजचा लायझन ऑफिसर असतो, बहुतेक एचआरमध्ये किंवा फायनान्शियल एड ऑफिसात. त्यांना ईमेल करून तोंडी नव्हे, लेखी विचारा: यंदा आपण किती मुलं पाठवू शकतो, निवड सेवाज्येष्ठतेवर की चिठ्ठ्या टाकून, माझा नंबर कितवा, अंतर्गत अर्जाची शेवटची तारीख काय (ती बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबरमध्येच असते), आणि मधेच माझी नोकरी गेली किंवा मी सोडली, तर मुलीचं चालू सत्र पूर्ण होतं की नाही. "एलिजिबल" हा शब्द उत्तरात आला तर परत लिहा आणि नंबर मागा.

व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. तुम्ही कॉलेजात एच-वन-बीवर असाल तर ती नोकरी वार्षिक कोट्याबाहेरची असते. तिथून साध्या कंपनीत जाताना सहसा व्हिसाच्या लॉटरीत उतरावं लागतं, तेव्हा पगार बघून उडी मारू नका. एच-फोरवरच्या, म्हणजे आईबापाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलाला केंद्र सरकारची मदत मिळत नाही, पण एक्स्चेंज हे सरकारचे पैसे नाहीत, म्हणून लायझन ऑफिसरला विचाराच. मूल २१ वर्षांचं झालं की एच-फोर संपतो, आणि ते बहुतेक कॉलेजच्या मधल्या वर्षातच होतं. एफ-वनची, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची, तयारी आधीच सुरू करा.

ताई, रविवारचं बोलणं पहिल्या फटक्यात नीट होणार नाही. ती उठून खोलीत जाईल, दार आपटेल. पोहे गार होतील. तिच्या मागे जाऊ नका, कागद टेबलावरच राहू दे. सहसा संध्याकाळपर्यंत त्या कागदावर मुलांच्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं सापडतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिची यादी तयार झाली की मला पाठवा, कुठल्या कॉलेजला काय विचारायचं ते आपण मिळून लिहू. मॅसॅच्युसेट्सचं नाव त्यात पहिलं असलं तरी पाठवा.